एका ‘म’ची किंमत : इटालियन क्रियापदं आणि आपला मराठी कान



मिलानच्या आसपास राहणाऱ्या आम्हा चार-पाच मराठी घरांत सध्या गप्पांचा एकच विषय आहे : क्रियापदं. कारण साधं आहे. दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी २०१० च्या डिसेंबरपासून इथे ए-२ पातळीची भाषेची परीक्षा आहे, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्या बहुतेकांना बी-१ पातळीचं इटालियन येतं याचा पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे इंग्रजीच्या जोरावर ऑफिसात दहा-दहा वर्षं काढलेली मंडळी आता चाळिशीत शाळकरी पोरांसारखी रूपं घोकत बसली आहेत.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी भरते. मास्तर मी. म्हणजे मी काही भाषातज्ज्ञ नाही, पेशाने सॉफ्टवेअरवाला. इतरांपेक्षा चार वर्षं आधी घोकंपट्टी केली एवढाच काय तो अधिकार. पण या शिकवणीत एक गंमत सारखी दिसते. ज्यांचं इंग्रजी फर्डं आहे ते अडकतात, आणि ‘माझं इंग्रजीच धड नाही, मला कसली आणखी एक भाषा येणार’ म्हणत मागच्या खुर्चीत बसलेली माणसं भराभर पुढे जातात. हा योगायोग नाही असं आता माझं ठाम मत झालंय, आणि ते का झालं हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

इटालियन क्रियापद पकडायला तीन गोष्टी लागतात : शब्दाची शेपटी (म्हणजे प्रत्यय), शब्दाचे तुकडे (म्हणजे कुठलं अक्षर कुठे तुटतं ते) आणि जोर (म्हणजे आवाजाचा दाब कुठे पडतो तो). यातल्या पहिल्या दोन गोष्टी मराठी माणसाच्या घरच्याच आहेत. इंग्रजीत त्या जवळजवळ नाहीत. तिसरी मात्र आपल्याकडे नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की इटालियन इंग्रजीतून शिकू नका. पहिल्या दोन गोष्टी मराठीतून उचला आणि वाचलेली सगळी मेहनत तिसरीवर खर्च करा.

लिहिण्याची सोय म्हणून एक खूण ठरवून घेऊ. आडव्या रेघेने शब्दाचे तुकडे दाखवतो, आणि ज्या तुकड्यावर जोर आहे तो चौकोनी कंसात टाकतो. उदाहरणार्थ ते-[ले]-फो-नो. चला तर.

शेपटी

‘बोलणे’ म्हणजे पार-[ला]-रे. त्याची वर्तमानकाळाची रूपं अशी :

[पार]-लो : (मी) बोलतो, बोलते
[पार]-ली : (तू) बोलतोस, बोलतेस
[पार]-ला : (तो, ती) बोलतो, बोलते
पार-[ल्या]-मो : (आम्ही) बोलतो
पार-[ला]-ते : (तुम्ही) बोलता
[पार]-ला-नो : (ते) बोलतात

आता इंग्रजी आठवा. आय स्पीक, यू स्पीक, वुई स्पीक, दे स्पीक. ‘ही’ आणि ‘शी’पुढचा एक बिचारा ‘स’ सोडला तर सगळ्या शेपट्या झडून गेल्यात. त्यामुळे कोण बोलतंय हे सांगायला दर वेळी सर्वनाम लावावंच लागतं. इंग्रजीची सवय झालेला माणूस मग इटालियनमध्येही प्रत्येक क्रियापदामागे ‘ईओ’ (मी) लावत सुटतो. मी जातो, मी खातो, मी सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, या गृहस्थाला स्वतःचं फारच कौतुक दिसतंय.

उलट आपण दारात उभं राहून नुसतं ‘येतो हं’ म्हणतो. ‘जेवलास का?’, ‘उद्या येईन’, ‘कुठे चाललात?’ – यात ‘मी’, ‘तू’, ‘तुम्ही’ कुठेच नाहीत, तरी कोणाचा गोंधळ होत नाही, कारण शेपटीने सगळं सांगून टाकलेलं असतं. इटालियन माणूस नेमकं हेच करतो. ‘येतो’ला नुसतं [वेन]-गो. झालं वाक्य. सर्वनाम लावायचं ते मुद्दाम ठासून सांगायचं असेल तेव्हाच, म्हणजे ‘मी देतो पैसे, तुम्ही नाही’ अशा ठिकाणी.

एका बाबतीत तर इटालियन आपल्यापेक्षा सोपी आहे. वर्तमानकाळात बाई असो वा बुवा, [पार]-लो एकच. लिंग दिसतं ते भूतकाळात, तिथे पुन्हा घरी आल्यासारखं वाटतं. ‘मी गेलो’ला आन-[दा]-तो, ‘मी गेले’ला आन-[दा]-ता (आधी सहायक ‘सोनो’ येतं ते वेगळं). पोळी खाल्ली आणि आंबा खाल्ला यातला फरक ज्याला पाळण्यातून मिळाला आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही.

आदरसुद्धा शेपटीतच असतो. ‘माफ कर’ म्हणजे [स्कू]-झा, ‘माफ करा’ म्हणजे [स्कू]-झी. ‘ऐक’ म्हणजे [सेन]-ती, ‘ऐका’ म्हणजे [सेन]-ता. खोडी बघा : ‘-आरे’वाल्या क्रियापदांत आदराची शेपटी ‘ई’ आणि ‘-एरे’, ‘-ईरे’वाल्यांत ती ‘आ’. एका स्वराने कचेरीतल्या बाईंना तुम्ही ‘अगं ऐक’ म्हणता की ‘अहो ऐका’, हे ठरतं. इंग्रजीत सगळं जग ‘यू’ असल्यामुळे तिथून येणाऱ्याला हा स्वर किरकोळ वाटतो. मराठी माणसाला वाटू नये.

शेपटीतले डबे

शेपटी म्हणजे एकच तुकडा असतो असं नाही. आगगाडीसारखे डबे जोडलेले असतात. आधी काळाचा डबा, मग माणसाचा. पार-[ला]-वो, पार-[ला]-वी, पार-[ला]-वा. यातला ‘व’ म्हणजे चालू किंवा सवयीचा भूतकाळ. इंग्रजी पुस्तकात यावर दोन पानं खर्च होतात. आपल्याला एक शब्द पुरतो : बोलायचो. बोलायचो, बोलायचास, बोलायचा. आपल्याकडे ‘यच’चा डबा, त्यांच्याकडे ‘व’चा, आणि मागे माणसाची खूण.

हा ‘व’ किती कामाचा आहे ते आमच्या शिकवणीतल्या एका वहिनींनी दाखवून दिलं. त्यांचे सासरे सांगलीहून आले होते. एके रात्री छातीत जड वाटायला लागलं म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगा प्रवासात, घरी या एकट्या. नर्सने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव घेऊन विचारलं, ती गोळी ‘प्रेन-[दे]-वा?’ म्हणजे ‘घ्यायचे का?’ सासऱ्यांनी ती गोळी विमानात बसण्याआधीच परस्पर बंद केली होती. नर्सने ‘[प्रेन]-दे?’, म्हणजे ‘घेतात का?’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘नाही’ होतं. ‘घ्यायचे का?’चं उत्तर ‘हो’. वहिनींनी तो ‘वा’ बरोबर पकडला आणि दोन शब्दांत सांगितलं : प्रेन-[दे]-वा हो, [प्रेन]-दे नाही. नर्सला हवी ती सगळी हकीकत त्या दोन शेपट्यांत मिळाली. सासरे आता ठणठणीत आहेत. पण ‘वहिनींना भाषेचं अंग नाही’ असं आमच्यात त्यानंतर कोणी म्हणत नाही.

भविष्यकाळ कसा तयार झाला तेही ऐकण्यासारखं आहे. ‘बोलीन’ म्हणजे पार-ले-[रो]. आता ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाच्या आ-[वे]-रे या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं बघा : ओ, आई, आ, आणि शेवटी ‘आन्नो’. आणि भविष्यकाळ? पार्लेरो, पार्लेराई, पार्लेरा, शेवटी पार्लेरान्नो. म्हणजे लॅटिनच्या पडत्या काळात लोक ‘बोलणं आहे मला’ अशा धर्तीवर दोन शब्द बोलत होते, ते झिजून झिजून एकमेकांना चिकटले आणि सहायक क्रियापदाचा प्रत्यय झाला. नवल वाटतंय? मग ‘येतो आहे’चं ‘येतोय’ आणि ‘आलं आहे’चं ‘आलंय’ कोणी केलं? आपणच, तेही रोज.

आता या लेखाच्या नावातला ‘म’. ‘आम्ही देऊ’ (पैसे) म्हणजे पा-गे-[रे]-मो. ‘आम्ही दिले तर देऊही, पण…’ म्हणजे पा-गे-[रेम]-मो. पहिला पक्का भविष्यकाळ, दुसरा संकेतार्थ. फरक एका ‘म’चा. हा जादा ‘म’ फुकटचा आलेला नाही. संकेतार्थ त्याच आ-[वे]-रे च्या भूतकाळाला चिकटून तयार झाला, आणि तिथे ‘आमच्याजवळ होतं’ला आ-[वेम]-मो म्हणतात. तोच ‘म्म’ आजतागायत टिकून आहे.

पुण्याचं एक जोडपं इथे घर बघायला गेलं होतं. घर आवडलं. मालकीणबाईंनी विचारलं, ‘तीन महिन्यांची अनामत द्याल ना?’ नवऱ्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं की इटालियनमध्ये अक्षरं ठासून बोलावीत. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, ‘पागेरेम्मो!’ बाई शांतपणे त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या पुढच्या ‘पण’ची वाट बघत होत्या. ‘देऊही, पण…’ पण काय? नोकरी कच्ची आहे? पगार व्हायचा आहे? शेवटी बायकोने हळूच एक ‘म’ खाऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि घर मिळालं. (ह. घ्या., पण घर खरंच मिळालं.)

ऑफिसात तर हे रोजचं आहे. ‘मार्चमध्ये काम पूर्ण करू’ आणि ‘मार्चमध्ये केलंही असतं, नाही असं नाही’ यात जो फरक आहे तो करारात पैशांत मोजला जातो.

तुकडे

हा फरक ऐकू यायचा तर शब्द कुठे तुटतो ते कळायला हवं. इटलीतली मुलं पहिली-दुसरीत टाळ्या वाजवत हे शिकतात. नियम थोडके आहेत.

एक : दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जातं. पा-गा-रे.

दोन : जोड व्यंजन सारखंच असेल तर मधोमध तुटतं. फात-तो, पाल-ला, रेम-मो.

तीन : ल, म, न, र यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तरी तुटतं. पार-लो, कान-तो, कोम-प्रो.

चार : प, ब, त, द, क, ग, फ यांच्यामागून र किंवा ल आला तर जोडी फुटत नाही. आ-प्रो (उघडतो), मा-द्रे (आई).

पाच : ‘स’ आणि त्यापुढचं वेगळं व्यंजन हेही फुटत नाही, दोघं मिळून पुढे जातात. रे-स्तो (राहतो), पा-स्ता.

शेवटचा नियम ऐकून इंग्रजीवाले चक्रावतात, कारण त्यांना पास-ता म्हणायची सवय. आपण मात्र देवनागरीत ‘पास्ता’ लिहितानाच पा आणि स्ता अशी दोन अक्षरं लिहितो. शाळेतल्या बाईंचा नियम आपल्या लिपीतच आहे!

गंमत अशी की इटालियन कान प्रत्यक्षात ‘पास्ता’तला ‘पा’ आखूडच म्हणतो, जणू ‘स’ने तो बंद केलाय. हे ऐकून मला शाळेतलं वृत्त आठवलं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर र्‍हस्व असलं तरी जोडाक्षराचा आघात त्यावर आला की ते गुरू. लिहिताना तुकडा एकीकडे, वजन दुसरीकडे. आपल्याला यात नवीन काही नाही.

लघु-गुरूच्या या हिशेबाने इटालियनमधली सगळ्यात अवघड समजली जाणारी गोष्ट एका वाक्यात सुटते. [पा]-ला म्हणजे फावडं. [पाल]-ला म्हणजे चेंडू. दोन्हीत पहिला तुकडा गुरूच. पहिल्यात स्वर लांबवून गुरू, दुसऱ्यात स्वर आखूड ठेवून व्यंजन लांबवून गुरू. बस. तसंच पा-गे-[रे]-मो म्हणताना ‘रे’ लांबवा, ‘म’ला नुसतं शिवा. पा-गे-[रेम]-मो म्हणताना ‘रे’ झटकन संपवा आणि ओठ मिटून ‘म’वर क्षणभर थांबा. ठासून बोलायचं नाही, थांबायचं.

हे थांबणं आपल्याला जन्मापासून येतं. मका आणि मक्का यात आपण कधी घोळ घालत नाही. किती आणि कित्ती यातला लाडिक फरकही आपल्याला कोणी शिकवलेला नाही. इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात हा फरक नाही. ‘हॅपी’त दोन ‘प’ लिहितात आणि एकच म्हणतात. म्हणून इंग्रजी पुस्तकं यावर अर्धं पान लिहून हात वर करतात, आणि इंग्रजीतून शिकणारा माणूस पेन्ने पास्ता मागताना एक ‘न’ खातो. मग वेटर का हसला ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

क्रियापदांत दुप्पट व्यंजनाने काळसुद्धा बदलतो. [का]-दे म्हणजे पडतो, [काद]-दे म्हणजे पडला. [बे]-वे म्हणजे पितो, [बेव]-वे म्हणजे प्याला. हा विशिष्ट भूतकाळ इथे उत्तरेत बोलण्यात फारसा येत नाही, दक्षिणेत जास्त ऐकू येतो, पण वर्तमानपत्रात आणि पुस्तकात पानोपानी भेटतो. आणि हो, मिलान-व्हेनिसकडच्या मूळ बोलींत ही दुप्पट व्यंजनं नाहीत. त्यामुळे इथले लोक ती जरा सैल म्हणतात. कान तयार करायचा तर टीव्हीवरच्या बातम्या बऱ्या. आखातातल्या मंडळींना हा खेळ ओळखीचा वाटेल : अरबीत ‘दरसा’ म्हणजे तो शिकला आणि ‘दर्रसा’ म्हणजे त्याने शिकवलं.

जोर

आता जे आपल्याकडे नाही ते. मराठीत शब्दातलं कुठलंही अक्षर जरा दाबून म्हटलं म्हणून अर्थ बदलत नाही. आपण सगळी अक्षरं जवळजवळ एका पातळीत म्हणतो. इटालियनमध्ये हे चालत नाही. हे तीन शब्द बघा :

[का]-पी-तो : मी (अचानक) येऊन टपकतो
का-[पी]-तो : समजलं
का-पी-[तो] : घडलं

अक्षरं तीच, क्रम तोच. आणखी एक, खास हॉटेलात बिल आल्यावर उपयोगी पडणारं : [पा]-गो म्हणालात तर पैसे तुम्ही देताय. पा-[गो] म्हणालात तर पैसे दुसऱ्या कोणीतरी आधीच दिलेत. अमेरिकेत स्पॅनिश कानावर पडणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथे [आ]-ब्लो म्हणजे मी बोलतो, आ-[ब्लो] म्हणजे तो बोलला.

लिहिताना जोराची खूण फक्त एकाच ठिकाणी सक्तीची असते : जोर शेवटच्या तुकड्यावर असेल तेव्हा. बाकी सगळं वाचणाऱ्याला माहीत आहे असं गृहीत धरतात. इटालियन व्याकरणात जोराच्या जागेवरून शब्दांना नावं आहेत. शेवटच्या तुकड्यावर जोर तो ‘छाटलेला’ शब्द, शेवटून दुसऱ्यावर तो ‘सपाट’, शेवटून तिसऱ्यावर तो ‘घसरडा’, आणि चौथ्यावर असेल तर ‘दुहेरी घसरडा’. नावं मी बनवलेली नाहीत, त्यांच्या नावांचा अर्थच तो आहे.

बहुतेक शब्द सपाट असतात. म्हणून अंदाजपंचे बोलणारा माणूस सगळंच सपाट म्हणतो आणि घसरड्या क्रियापदांवर घसरतो. वर्तमानकाळासाठी हा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा : आम्ही आणि तुम्ही या दोन रूपांत जोर शेपटीवर, बाकीच्या चार रूपांत मुळावर. ‘राहणे’ (मुक्काम या अर्थी) हे क्रियापद घ्या. [आ]-बी-तो, [आ]-बी-ती, [आ]-बी-ता. मग आ-बी-[त्या]-मो, आ-बी-[ता]-ते. आणि ‘ते राहतात’ला पुन्हा मुळावर : [आ]-बी-ता-नो. शेवटचा ‘नो’ नुसता मागे लटकतो, जोर हलवत नाही. ‘ते फोन करतात’ म्हणजे ते-[ले]-फो-ना-नो. हा दुहेरी घसरडा. ते-ले-फो-[ना]-नो म्हटलंत तर समोरच्याला क्षणभर कळतच नाही.

मुळात दोन-तीन तुकडे असतील तर त्यातला नेमका कोणता, हे मात्र शब्दकोशातच बघावं लागतं. [आ]-बी-तो म्हणजे राहतो, पण आर-[री]-वो म्हणजे पोचतो. तसंच ‘-एरे’वाल्यांचं. वे-[दे]-रे (पाहणे) सपाट, [प्रेन]-दे-रे (घेणे) घसरडं. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे गण होते, एकात ‘ए’ दीर्घ, दुसऱ्यात र्‍हस्व. लांबी गेली, जोर राहिला. इथे पाठांतराला पर्याय नाही. वाचवलेली मेहनत खर्च करायची ती इथेच.

मागे सर्वनामं चिकटली तरी जोर जागचा हलत नाही. [पोर]-ता म्हणजे आण. [पोर]-ता-मी म्हणजे मला आणून दे. [पोर]-ता-मे-लो म्हणजे ते मला आणून दे. यांच्या पुस्तकातलं लाडकं उदाहरण आहे [फाब]-ब्री-का-मे-लो, ‘ते मला बनवून दे’. जोर पहिल्यावर आणि पुढे चार तुकड्यांची घसरगुंडी!

‘अनियमित’ म्हणून बदनाम झालेले

तुकडे आणि जोर एकत्र मांडले की एक बक्षीस मिळतं. पुस्तकात ‘अनियमित, पाठ करा’ म्हणून सोडून दिलेल्या काही क्रियापदांचं गणित उलगडतं. ‘येणे’ बघा :

[वेन]-गो, [व्ये]-नी, [व्ये]-ने, वे-[न्या]-मो, वे-[नी]-ते, [वेन]-गो-नो

कधी वे, कधी व्ये. का? जोर आहे आणि तुकडा उघडा आहे, म्हणजे स्वरावर संपतो, तिथे ‘ए’ फुलून ‘ये’ झाला : [व्ये]-ने. जोर आहे पण तुकडा व्यंजनाने बंद आहे, तिथे फुलायला जागाच नाही : [वेन]-गो. आणि जोरच नाही तिथे फुलायचा प्रश्न नाही : वे-[न्या]-मो. याच चालीवर ‘बसतो’ [स्ये]-दे पण ‘बसतो आम्ही’ से-[द्या]-मो. ‘मरतो’ [म्वो]-रे पण ‘मरतो आम्ही’ मो-[र्या]-मो. अशी क्रियापदं मोजकी आहेत, पण रोजच्या वापरातली आहेत.

‘संपवणे’चंही तसंच. फी-[नी]-स्को, फी-[नी]-शी, फी-[नी]-शे, मग फी-[न्या]-मो, फी-[नी]-ते, आणि पुन्हा फी-[नी]-स्को-नो. मधला ‘ईस्क’ चारच रूपांत का? वरचा भिंतीवरचा नियम आठवा. ज्या चार रूपांत जोर मुळावर जायचा, तिथेच हा तुकडा मध्ये येऊन जोर आपल्या अंगावर घेतो. आम्ही आणि तुम्हीत शेपटी स्वतःच जोर घेते, तिथे त्याची गरज नाही. ‘समजलं का?’ला जे रोज ऐकता ते का-[पी]-शी हे याच कुळातलं.

देवनागरीचा फायदा

शेवटी एक सल्ला, जो ऐकून लोक आधी हसतात : क्रियापदाची रूपं देवनागरीत लिहून काढा. रोमन लिपीत ‘ग’ आणि ‘ज’ला एकच अक्षर आहे आणि पुढचा स्वर बघून उच्चार ठरतो. म्हणून ‘पैसे देणे’च्या रूपांत मध्येच एक मुका ‘एच’ घुसतो, ‘खाणे’च्या रूपांत एक ‘आय’ येतो आणि जातो, आणि पुस्तकात त्याचे नियम आणि अपवाद सुरू होतात. देवनागरीत? पा-गो, पा-गी, पा-गा. मान-जो, मान-जी, मान-जा. एकही अपवाद नाही. नियम लिपीचा होता, भाषेचा नव्हताच.

उलट जिथे आवाज खरंच बदलतो तिथे तो उघड दिसतो. ‘वाचणे’चं [लेग]-गो (मी वाचतो) पण [लेज]-जे (तो वाचतो). ग आणि ज यांची ही अदलाबदल संस्कृतात युज् आणि योग, त्यज् आणि त्याग यांत आपण पाहिलेलीच आहे.

अजून एक कोडं. ‘तू पाठवतोस’ला शेवटी दोन ‘ई’ लिहितात आणि ‘तू अभ्यास करतोस’ला एकच. तुकडे पाडा : ‘मी पाठवतो’ इन-[वी]-ओ, इथे जोर ‘ई’वर आहे, तो स्वतंत्र तुकडा आहे, म्हणून शेपटीचा ‘ई’ आला तरी तो टिकतो : इन-[वी]-ई. ‘मी अभ्यास करतो’ [स्तू]-द्यो. इथे ‘य’ नुसता चिकटलेला, शेपटीचा ‘ई’ आला की त्यात विरून जातो : [स्तू]-दी. लिहिण्याची चूक वाटणारी गोष्टही शेवटी तुकडे आणि जोर यांवरच येते.

सराव म्हणाल तर फार नको. रोज एकच क्रियापद घ्या, देवनागरीत तुकडे पाडा, टाळी देऊन म्हणा आणि जोराच्या तुकड्यावर टेबलावर थाप मारा. स्टेशनवर उभे असाल तर घोषणांमधली फक्त क्रियापदं पकडा. पार-ती-[रा] म्हणजे ‘सुटेल’. शेवटच्या थापेवरून भविष्यकाळ ओळखला की फलाट बदलल्याचंही वेळेत कळतं.

आमच्या शिकवणीतले दोघं-तिघं येत्या परीक्षेला बसताहेत. त्यात वर सांगितलेल्या वहिनी आहेत. वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हापासून बँक, दवाखाना, मुलांची शाळा, सगळीकडे नवरा दुभाष्या. इंग्रजी येत नाही म्हणजे बाहेरची कोणतीच भाषा येणार नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर घरातल्यांनीही. त्यांच्याजवळ प्रत्ययांनी लगडलेली, मका आणि मक्का वेगळे ऐकणारी अशी एक भाषा आधीपासून होती. तिचा उपयोग करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तुमच्या घरातही असं कोणी मागच्या खुर्चीत बसलेलं असेल, तर त्यांच्यासमोर जाड इंग्रजी पुस्तक ठेवू नका. ‘येतो, येतोस, येतो’ म्हणायला सांगा आणि तिथून सुरुवात करा.